पाहिला की ऐकला

डोंगरसिंग आडे लिंबटेक तांड्याचा. उमरखेडहून दोन कोसांवर टेकडीच्या पायथ्याशी त्याचा तांडा होता. त्याच्या आजोबापर्यंतच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरल्या. बापाने पहिल्यांदा जमीन धरली, नांगर धरला. डोंगरसिंग मात्र विशीत पलटणीत भरती झाला. जनावर लादायला येतं का, एवढंच तिथे विचारलं आणि त्याला खच्चरांच्या तुकडीत धाडून दिलं. लढाईची चार वर्षं त्याने ब्रह्मदेशच्या जंगलात खच्चरं हाकत काढली.

परत आला तेव्हा त्याच्यापाशी एक दुर्बीण होती. त्याचा गोरा कॅप्टन पाखरांचा नादी होता. तळ पडला की तो झाडाखाली बसून दुर्बिणीतून वर बघे, आणि दुर्बीण सांभाळायचं काम डोंगरसिंगकडे असे. सांभाळता सांभाळता तोही बघायला शिकला. कॅप्टन मायदेशी निघाला तेव्हा बोटीवर चढण्याआधी त्याने ती दुर्बीण काढून डोंगरसिंगच्या गळ्यात घातली. त्याची स्वतःचीच होती, सरकारी नव्हती. लहानशी, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल अशी, पण पितळेची, त्यामुळे वजनाला चांगलीच. वरचं काळं कातडं कडेने सुटत चाललं होतं.

पुढे त्याला जंगल खात्याच्या कुरणावर चौकीदारी मिळाली. मचाणावर बसायचं, वणवा दिसला की धावायचं, चोरून चारणारी गुरं हाकलायची. बाकी दिवसभर समोर माळ, माळाच्या खालच्या अंगाला तलाव, आणि हातात दुर्बीण. तो पाखरांना आपल्या मनानेच नावं द्यायचा. बायको सुखीबाई म्हणे, "लोकाईले माणसं ओळखू येतात, तुमाले पाखरं."

जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याची पुंडलिक गुरुजींशी गाठ पडली. गुरुजी उमरखेडच्या प्राथमिक शाळेत शिकवत. सायकल बांधाला टेकवून ते तलावाच्या कडेला वहीत काहीतरी लिहीत बसले होते. डोंगरसिंग दबकत मागे गेला आणि वहीत डोकावला. अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, पण कडेला बदकाचं चित्र होतं.

"शेपूट चुकली," तो म्हणाला.

गुरुजींनी वळून पाहिलं. "काहून?"

डोंगरसिंगने गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या हातात दिली. गुरुजींनी बराच वेळ पाहिलं, मग रबराने शेपूट खोडली.

तेव्हापासून दर रविवारी गुरुजी यायचे. डोंगरसिंग बघायचा आणि सांगायचा, गुरुजी लिहायचे. वही भरत गेली. मुंबईच्या एका पक्षी अभ्यासक मंडळाला गुरुजी दर हिवाळ्याअखेर नोंदी पाठवत, आणि प्रत्येक नोंदीपुढे कोणी पाहिलं ते लिहीत. निम्म्याहून जास्त ठिकाणी लिहिलेलं असे, 'डोंगरसिंग आडे यांनी पाहिले.' तांड्यात त्याचं नाव कुणी 'यांनी' लावून घेत नसे. गुरुजी ती ओळ वाचून दाखवायचे तेव्हा तो दुसरीकडे बघायचा, पण पूर्ण ऐकायचा.

साठ सालच्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा वाटलं, दुर्बिणीच्या काचेवर काही धरलं आहे. चित्र दुधाळ दिसे. त्याने डोळ्यापाशीच्या दोन्ही नळ्या फिरवून पाहिल्या. एरवी डावी-उजवी वेगवेगळी जुळवली की झाडाचं पानन् पान मोकळं व्हायचं. आता कितीही फिरवलं तरी धुकं तसंच. उमरखेडच्या घड्याळवाल्याने दुर्बीण उघडली, आतून बाहेरून पुसली, उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाला, "काच साफ आहे, आडे. बुरशी नाही, काही नाही."

"मंग जुनी झाली आसन," डोंगरसिंग म्हणाला.

"काच कुठं जुनी होते?"

घरी येताना बैलगाडी अगदी जवळ येईपर्यंत त्याला तिचे बैल दिसले नव्हते. सुखीबाईला त्याने काही सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नव्हती. जेवताना पाण्याचा लोटा ती आता त्याच्या हाताला लागेल असा ठेवायला लागली होती.

चौकीदाराला दिसत नाही हे खात्याला कळलं तर मचाण गेलंच. पण त्याहून जास्त धाक त्याला रविवारचा होता. मग तो कानांवर भिस्त ठेवायला लागला. आवाज, उडायची तऱ्हा, पंखांची फडफड, एवढ्यावर तो सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. गुरुजी लिहायचे, 'पाहिले'.

त्याच हिवाळ्यात गुरुजी टायफॉइडने पडले. एकवीस दिवस ताप उतरला नाही. डोंगरसिंग दर दोन दिवसांनी चालत उमरखेडला जायचा आणि त्यांच्या खाटेच्या पायगती बसायचा. गुरुजींच्या मनात एक पाखरू पंधरा वर्षांपासून होतं, माळढोक. माणसाच्या कमरेएवढं उंच, गवतात राजासारखं चालणारं. जुनी माणसं सांगत की या माळावर ते होतं. गुरुजींना ते कधी दिसलं नव्हतं.

एका दुपारी ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले गुरुजी म्हणाले, "डोंगरसिंग, दिसला का रे?"

त्या सकाळी खरोखरच माळाच्या पलीकडच्या टोकाला गवतातून काहीतरी मोठं उठलं होतं. जड, ढेकळासारखं. थोडं उडून ते पुन्हा धुक्यात मिसळलं होतं. आवाज आला नव्हता. ते गिधाड असेल, मोर असेल, काहीही असेल.

"दिसला, गुरुजी," डोंगरसिंग म्हणाला.

गुरुजींनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहायला डोंगरसिंगला दुर्बिणीची गरज पडली नाही.

गुरुजी जगले. उठून बसता आलं तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते मंडळाला पत्र लिहिण्याचं. मंडळाच्या पत्रिकेत दोन ओळी छापून आल्या, डोंगरसिंगच्या नावासह. गुरुजींनी ते पान तांड्यावर आणून दहा जणांसमोर मोठ्याने वाचलं. लोकांनी डोंगरसिंगच्या पाठीवर थापा मारल्या. त्या दिवशी त्याला भाकर गिळवली नाही.

एकसष्टच्या डिसेंबरात गुरुजींची मुलगी कोकिळा सुटीत आली. ती यवतमाळला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या बरोबरीच्या बाईंचा भाऊ जहाजावर होता, त्याच्याकडून तिने वडिलांसाठी जपानी दुर्बीण मागवली होती. नवीकोरी, जुनीपेक्षा आखूड आणि निम्म्या वजनाची. पुढच्या काचांवर जांभळट झाक होती. दोन नळ्यांच्या मध्ये एकच चाक होतं, ते फिरवलं की दोन्ही बाजू एकदम जुळत.

"आपण दोन्ही नीट तोलून पाहू," कोकिळा म्हणाली. "कोणती कशाला चांगली, ते लिहून काढू." गुरुजींना असली कामं मनापासून आवडत. त्यांनी वहीचं कोरं पान घेऊन मध्ये रेघ मारली. एकीकडे 'जुनी', दुसरीकडे 'नवी'.

डोंगरसिंग त्या सकाळी तलावावर आला तो एका आशेवर. घड्याळवाला चुकला असेल. काचच विटली असेल. नव्या काचेतून सगळं पहिल्यासारखं दिसेल.

कोकिळाने ती त्याच्या गळ्यात घातली. "पहिला मान काकांचा."

त्याने दुर्बीण डोळ्याला लावली आणि चाक फिरवलं. एकदा, दोनदा. पलीकडचा काठ जवळ आला, पण त्याच्यावर तेच दूध सांडलेलं होतं. तलावावर काळे ठिपके होते, एवढंच. तो दुर्बीण खाली घेईना.

"कशी आहे, काका?"

"बेस आहे," तो म्हणाला. "लय बेस."

पहिला दिवस निभावला, कारण त्या दिवशी बहुतेक तोलून पाहणं बापलेकींनीच केलं. गुरुजींनी दोन्ही दुर्बिणी तास-तासभर गळ्यात घालून पाहिल्या. जुनीने मानेवर वळ उठला, नवी गळ्यात आहे हे विसरायला झालं. पाण्यावरून सपकन जाणारी भिंगरी पाखरं नवीत झटकन पकडता आली. जुनीच्या दोन नळ्या जुळवेपर्यंत भिंगरी गेलेली असे. ऊन समोरून आलं की जुनीत पांढुरकं पसरायचं, नवीत रंग रंगाच्या जागी राहायचे. पण सूर्य टेकडीआड गेला आणि नवी लवकर काळोखली. जुनीची पुढची भिंगं मोठी, तिने आणखी पाव तास उजेड धरून ठेवला. गुरुजी खुशीत आले. "लिही कोकिळा, जुनीच्या बाजूनं एक." शिवाय पलटणीतून आलेली ती दुर्बीण किती वेळा मचाणावरून पडली होती याचा हिशेबच नव्हता. नवीला तसं पाडून बघायची कुणाची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळाने सूक्ष्म गोष्टी बघायच्या ठरवल्या. अलीकडच्या पाणगवतात हळदीकुंकू बदकांची जोडी होती. या बदकाच्या चोचीचं टोक पिवळं, आणि चोच कपाळाला मिळते तिथे दोन तांबडे ठिपके. नाव त्यावरूनच पडलं.

"काका, जुनीतून बघा. कुंकू दिसतं का?"

"दिसते."

"आता नवीतून."

त्याने दुर्बीण बदलली. "दिसते. याच्यात जास्त लाल दिसून राह्यलं."

कोकिळाने स्वतः जुनी दुर्बीण डोळ्याला लावून खात्री केली. मग हळूच म्हणाली, "काका, दोघंही झोपलेत. चोच पाठीवर पंखात घातली आहे."

गुरुजींची पेन्सिल वहीवर थांबली होती. डोंगरसिंगने दुर्बीण खाली घेतली आणि तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

कोकिळा जवळ आली. "वर बघा माझ्याकडे." तिने त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. बुबुळांच्या मध्यावर राखाडी पांढरं उतरलं होतं, उजव्यात जास्त. "मोतीबिंदू आहे, बाबा. दोन्ही डोळ्यांत. आजचा नाही."

"कधीपासून?" गुरुजींनी विचारलं.

"दोन उन्हाळे झाले."

गुरुजींनी वही मिटली. त्यांना काय विचारायचं आहे ते डोंगरसिंगला ठाऊक होतं. त्यांनी विचारू नये म्हणून तो मनातल्या मनात सेवालाल महाराजांचं नाव घेत होता.

"आणि माळढोक?"

"मोठं काही उडालं, गुरुजी. तेवढंच दिसलं. बाकी धुकं होतं."

"मग माळढोक म्हणून काहून सांगतलं?"

"तुमी तापात होते. तुमी विचारलं. मले वाटलं, तुमी चालले. नाई म्हनवलं नाई."

गुरुजी उठले. त्यांनी सायकल घेतली आणि बांधावरून चालू लागले, तिच्यावर न बसता. कोकिळाने दोन्ही दुर्बिणी पिशवीत घातल्या. मग तिच्या ध्यानात आलं की त्यातली एक डोंगरसिंगची आहे. तिने ती काढून त्याच्या हातात दिली आणि वडिलांच्या मागे गेली.

तिसऱ्या दिवशी गुरुजी एकटेच तांड्यावर आले. सुखीबाईने बाज टाकली, पाणी दिलं. गुरुजींनी पिशवीतून वही काढली. चेहरा शाळेतल्यासारखा होता.

"साठच्या उन्हाळ्यापासून सुरू करू," ते म्हणाले. "मी नोंद वाचतो. तू एकच सांगायचं, पाहिला की ऐकला. खोटं सांगशील तर मी वही चुलीत टाकीन."

त्यांनी एकेक नोंद वाचली. डोंगरसिंग मान खाली घालून आठवे आणि सांगे. ऐकला. ऐकला. उडताना पाहिला, रंग नाही दिसला. ऐकला. तुमीच पाह्यला तो, मी हो म्हटलं. गुरुजी प्रत्येक ठिकाणी 'पाहिले' खोडून वर लहान अक्षरात तो सांगे ते लिहीत. हे काम तीन दिवस चाललं. दोनशेच्या वर नोंदी होत्या. मधे एकदा गुरुजी म्हणाले, "ऐकून ओळखलेले इतके बरोबर कसे रे निघाले?" आणि लगेच, जणू चुकून बोललो, असं पुढचं वाचायला लागले.

माळढोकाची नोंद आली. ती त्यांनी वाचली नाही. आडवी रेघ मारली, खाली तारीख टाकली. मंडळाला पत्र त्यांनी तिथेच, बाजेवर बसून लिहिलं आणि डोंगरसिंगला वाचून दाखवलं. चूक आपली आहे, निरीक्षकाच्या डोळ्यांची तपासणी आपण केली नव्हती, असं त्यात होतं.

"हे खोटं आहे, गुरुजी. चूक माही आहे."

"वही माझी आहे," गुरुजी म्हणाले.

त्यानंतर रविवार येत राहिले, गुरुजी आले नाहीत. डोंगरसिंगने उरलेला हिवाळा मचाणावर काढला, आणि उन्हाळ्यात एक वणवा त्याच्या ध्यानात येईपर्यंत कुरणाचा पाव भाग जळून गेला. त्याने स्वतः जंगल खात्याच्या नाकेदाराकडे जाऊन सांगितलं की मला दिसत नाही. मचाणावर दुसरा माणूस बसला. घरी सुखीबाई म्हणाली, "बरं केलं. आगीत मेले असते." मग ती परसात जाऊन बराच वेळ बसली.

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नसत. त्रेसष्टच्या फेब्रुवारीत यवतमाळला डोळ्यांचं शिबिर लागलं. डोंगरसिंगचं नाव त्यात कोकिळाने घातलं होतं. शाळेत मांडव, जमिनीवर रांगेने गाद्या. उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याला पाठीवर झोपवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, सात दिवस. सुखीबाई त्याला चमच्याने पेज भरवायची.

तिसऱ्या दिवशी पट्टीखालच्या अंधारात त्याला चपलांची फरफर ऐकू आली. एक पाय किंचित ओढत टाकण्याची ती सवय त्याच्या ओळखीची होती.

"गुरुजी."

"हलू नको," गुरुजी म्हणाले. ते उमरखेडहून एसटीने दिवसभर प्रवास करून आले होते. त्यांनी खाली बसून पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि वाचायला सुरुवात केली, कापसाचे भाव, पावसाचा अंदाज, जे असेल ते. ते कोकिळाकडे उतरले आणि पट्टी निघेपर्यंत रोज आले. मधल्या सव्वा वर्षाबद्दल दोघंही बोलले नाहीत.

पट्टी निघाली. जाड भिंगाचा चष्मा मिळाला. त्यातून माणसं मोठी आणि वाकडी दिसत, दाराची चौकट फुगलेली दिसे, पायरीचा अंदाज चुके. पण धुकं गेलं होतं. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी झाली, तो मात्र पू होऊन सुजला आणि गेला.

चष्म्यावर जुनी दुर्बीण लागेना. तिच्या डोळ्याकडच्या वाट्या खोल, चष्मा मधे आला की किल्लीच्या भोकातून बघावं तेवढंच दिसे. नव्या दुर्बिणीच्या वाट्या फिरवून काढता येत. कोकिळाने त्या काढल्या आणि ती दुर्बीण त्याच्याकडे ठेवली. जुनी गुरुजींनी घेतली. त्यांना वजनाचा त्रास व्हायचा, पण त्यांनी तक्रार केली नाही.

गुरुजींना पुढे दम लागायला लागला. सायकल सुटली. मग दर बाजाराच्या दिवशी डोंगरसिंगच उमरखेडला जायचा, ओसरीवर बसायचा आणि आठवड्याचं सांगायचा. आधी पाहिलेलं, मग ऐकलेलं. दोन्ही मिसळायचा नाही. काही आठवडे सांगण्यासारखं काहीच नसे. तेही गुरुजी लिहून घेत.

सहासष्टच्या जानेवारीत गुरुजींनी हट्ट धरला की तलावावर न्या. डोंगरसिंगने बैलगाडीत कडबा अंथरला, त्यावर घोंगडी. बांधावर गाडी सोडली आणि दोघं चाकाला टेकून बसले, गुरुजींच्या गळ्यात जुनी, त्याच्या गळ्यात नवी. ऊन कोवळं होतं. चक्रवाकांचा थवा आला, उतरला, गुरुजींनी मोजला. मग माळाच्या बाजूने एक करडं, लांब पंखांचं पाखरू गवताला लागून वाहत आलं. एकदा वळलं, उन्हात पोट दाखवलं आणि टेकडीवरून गेलं.

"काय होतं रे?" गुरुजींनी विचारलं. त्यांना दुर्बीण उचलेपर्यंत उशीर झाला होता.

डोंगरसिंगने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. त्याने पाखरू पूर्ण पाहिलं होतं, वळताना, वर जाताना. पाच-सहा नावं त्याच्या जिभेवर आली होती.

"पाह्यलं," तो म्हणाला. "मोठं, करडं, लांब पंखाचं. पण ओळखलं नाई."

गुरुजींनी वही मांडीवर घेतली. मधे मधे दम घेत त्यांनी लिहिलं. 'मोठे, करडे, लांब पंखांचे. डोंगरसिंग आडे यांनी पाहिले. ओळख पटली नाही.' लिहून झाल्यावर त्यांनी ते त्याला वाचून दाखवलं, आणि डोंगरसिंगने मान हलवली. मग ऊन चढलं, गुरुजींना धाप लागायला लागली, तेव्हा त्याने त्यांना उचलून गाडीत बसवलं आणि बैल जुंपले.